शेअर केलेली फाइल नेमकी कोणाला दिसणार? राउटर कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
घरगुती राउटर बनवणाऱ्या आणि इंटरनेटची जोडणी देणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार,

मागणी आधीच सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांना पूर्ण पत्र वाचायला सवड होणार नाही. राउटरमध्ये फाइल शेअर करण्याची जी कोणती सोय तुम्ही देता, तिच्या बटणाशेजारी साध्या भाषेत लिहा, की या फाइली फक्त घरातल्या उपकरणांना दिसतील की इंटरनेटवरच्या कोणालाही. कारखान्यातून राउटर बाहेर पडताना सेटिंग कायम घरापुरतंच असू द्या. बाहेरच्यांसाठी ज्याला वाट उघडायची असेल, त्याने ती स्वतः, समजून-उमजून उघडावी, आणि ती उघडी आहे हे राउटरच्या पहिल्याच पानावर त्याला दिसत राहावं.

नातेवाईक, शेजारी आणि ओळखीपाळखीतल्या लोकांचे राउटर लावून देण्याचं काम माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आपसूक आलं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. लोक निष्काळजी नसतात. पासवर्ड बदला म्हटलं तर बदलतात, अपडेट करा म्हटलं तर करतात. राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला हार्ड डिस्क लावून ‘शेअर’वर टिक करताना त्यांच्या डोळ्यांसमोर बैठकीच्या खोलीतला टीव्ही आणि मुलीचा लॅपटॉप असतो. ती टिक त्याच्याही पलीकडे जाते, हे त्यांना कुठून कळावं? तुम्ही ते कुठेच लिहिलेलं नसतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जुनं आहे, पण मला ते अजूनही ताजं वाटतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये असूसच्या राउटरला डिस्क जोडलेल्या अनेकांना आपल्याच डिस्कवर एक अनोळखी टेक्स्ट फाइल सापडली. तुमचा राउटर आणि तुमची कागदपत्रं जगात कोणालाही इंटरनेटवरून उघडता येतात, अशा अर्थाचा इशारा तिच्यात होता. कोणीतरी बाहेरून आत शिरून तो तिथे ठेवला होता. प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपर्यंत गेलं. बारा हजार नऊशेहून अधिक ग्राहकांच्या डिस्कपर्यंत परके लोक पोचल्याचं कमिशनने कंपनीविरुद्ध केलेल्या तक्रारीत नोंदवलेलं आहे. २०१६ मध्ये तडजोड झाली आणि पुढची वीस वर्षं कंपनीने सुरक्षेची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी असं ठरलं.

त्या तक्रारीतला जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो हॅकरांविषयी नाही. तो एका विझार्डविषयी आहे. डिस्क शेअर करायला मदत करणारा हा विझार्ड पायरीपायरीने पुढे नेत होता, पण मूळ निवडीनेच पुढे गेलं तर डिस्क इंटरनेटवर कोणालाही, पासवर्डशिवाय, खुली होते हे तो नीट सांगत नव्हता. म्हणजे ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पूर्ण’ असं तीनदा दाबणारा माणूस सूचना तंतोतंत पाळूनच उघडा पडत होता. शिवाय त्या राउटरचं मूळ नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘अॅडमिन’. इथे ग्राहकाची चूक शोधायची तरी कुठे?

आता फायरवॉलबद्दल, कारण ‘आमच्या राउटरमध्ये फायरवॉल आहे’ हे तुमचं ठरलेलं उत्तर असतं. आहे, आणि चांगली आहे, हे मी मनापासून मान्य करतो. घरातला फोन किंवा संगणक बाहेर एखादी मागणी पाठवतो तेव्हा राउटर तिची नोंद ठेवतो. तिचं उत्तर आलं की नोंद पाहून ते त्या उपकरणाकडे पोचवतो. न मागता बाहेरून आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कोणत्याच नोंदीशी जुळत नाही, म्हणून ते टाकून दिलं जातं. नियम इतका साधा आहे, पण कोट्यवधी घरं त्याच्या जोरावर दररोज सुखरूप राहतात.

या नोंदवहीचा अर्धा भाग मुळात सुरक्षेसाठी जन्मलाच नव्हता. आयपीव्ही४ या इंटरनेटवरच्या जुन्या पत्त्यांच्या पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे दिसू लागलं, तेव्हा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक उपकरणं बसवण्याची नॅट ही युक्ती १९९४ मध्ये मांडली गेली. १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते १९९६ मधल्या दस्तऐवजाने पक्के केले. बाहेरून आत येणं अवघड झालं, हा त्या युक्तीचा अनुषंगाने मिळालेला फायदा. हा इतिहास मी उगाळत नाही. तुमच्यापैकी काही जण आजही नॅटलाच फायरवॉल म्हणून विकतात, आणि आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत आल्यावर नेमकं तेच अंगाशी येतं, म्हणून सांगितला. त्याकडे पुढे वळतो.

चांगली फायरवॉल असूनही घरातल्या फाइली बाहेर कशा जातात? बहुतेक वेळा फायरवॉल कोणी फोडलेली नसते. तिला बाजूला व्हायला सांगितलेलं असतं, आणि तेही तुमच्याच एखाद्या सोयीने. यात सर्वांत पुढे आहे यूपीएनपी. घरातलं कोणतंही उपकरण किंवा प्रोग्रॅम राउटरला सांगतो, ‘हा पोर्ट (बाहेरून आत येण्याची क्रमांक दिलेली वाट) माझ्यासाठी उघड’, आणि राउटर उघडतो. पासवर्ड मागत नाही, मालकाला विचारत नाही, नंतर कळवतही नाही. गेम कन्सोल आणि व्हिडिओ कॉल विनासायास चालावेत म्हणून ही सोय आली, हे मला ठाऊक आहे. पण हीच मागणी फाइल साठवणारा नॅस करतो, टॉरेंटचा प्रोग्रॅम करतो, कॅमेरा करतो आणि संगणकात शिरलेला मालवेअरही करू शकतो. राउटरला त्यांच्यात फरक कळत नाही.

कोणाच्याही घरी गेलो की मी राउटरच्या सेटिंगमध्ये यूपीएनपीचा तक्ता उघडून पाहतो. तो ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये, त्यातही ‘नॅट फॉरवर्डिंग’च्या आत कुठेतरी दडलेला असतो. त्यात प्रोटोकॉल, बाहेरचा पोर्ट, आतला पोर्ट, आतला पत्ता आणि वर्णन असे रकाने असतात. वर्णनात बहुधा काही अक्षरं आणि आकडे, ज्यांतून घरच्या माणसाला काहीही बोध होत नाही. काही ओळी अशा उपकरणांच्या असतात जी विकून टाकली आहेत किंवा बंद पडून माळ्यावर गेली आहेत. उपकरण गेलं, वाट राहिली. उद्या तोच आतला पत्ता दुसऱ्या एखाद्या संगणकाला मिळाला, तर ती वाट आयतीच त्याच्यापर्यंत पोचते. बरं, यावर उपायही केव्हाचा लिहून ठेवला आहे. यूपीएनपीच्या २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीत पोर्ट उघडा ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त एक आठवडा अशी घातली आहे. पहिल्या आवृत्तीत ती बेमुदत असू शकते. तुमचे राउटर कोणती आवृत्ती पाळतात, हे खोक्यावर कधी छापलंत का?

यूपीएनपीने घरातल्या उपकरणांचं ऐकणं एक वेळ समजू शकतो. पण लाखो राउटर बाहेरच्यांचंही ऐकत होते. इंटरनेटवरून यूपीएनपीला उत्तर देणारे आठ कोटींहून अधिक पत्ते रॅपिड७ या कंपनीच्या संशोधकांना सापडले होते, ही २०१३ ची गोष्ट. पाच वर्षांनी, २०१८ मध्ये, अकामाई या कंपनीने दाखवून दिलं की पंचेचाळीस हजारांवर राउटरमध्ये हल्लेखोरांनी याच मार्गाने स्वतःच्या ओळी घुसवल्या होत्या. त्या ओळी १३९ आणि ४४५ या पोर्टकडे नेत होत्या, म्हणजे थेट विंडोजच्या फाइल शेअरिंगकडे. त्या राउटरमागची सुमारे सतरा लाख यंत्रं त्यामुळे उघड्यावर आली.

४४५ वरून काय होऊ शकतं, ते १२ मे २०१७ पासून पुढचे काही दिवस सगळ्यांनी पाहिलं. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा किडा याच विंडोज फाइल शेअरिंगच्या (एसएमबी) जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीवर स्वार होऊन दीडशेच्या आसपास देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरचा पॅच दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्या राउटरने ४४५ बाहेरून बंद ठेवला होता, त्याच्यामागच्या पॅच न केलेल्या संगणकापर्यंत तो किडा इंटरनेटवरून थेट पोचू शकला नाही. फायरवॉलचं हेच मोल आहे, आणि म्हणूनच तिला नकळत बाजूला सारणारी प्रत्येक सोय मला खटकते.

‘आमच्या घरच्या फाइलींत कोणाला एवढा रस असणार?’ हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, आणि मला भीती वाटते की तुमच्या बैठकांमध्येही तो असाच विचारला जात असेल. माणसाला रस असावाच लागत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन जाहीर केलं. एका साध्या सर्व्हरवरून, गिगाबिट जोडणीवर, आयपीव्ही४ चा संपूर्ण सार्वजनिक पसारा एका पोर्टसाठी पाऊण तासात तपासता येतो, असं त्यांनी दाखवलं. आज पोर्ट उघडला की तो कोणाच्या तरी यादीत जातोच, कोणाचं घर आहे हे न पाहता.

नॅसच्या बाबतीत तर याची फार मोठी किंमत मोजून झाली आहे. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क वापरणारे लोक सकाळी उठले आणि त्यांच्या फाइली गेलेल्या होत्या. कोणीतरी इंटरनेटवरून डिस्क फॅक्टरी रीसेट केल्या होत्या. रीसेटपूर्वी पासवर्ड तपासणारा कोडचा तुकडा निष्क्रिय करून ठेवलेला होता, हे नंतर उघड झालं. त्या उपकरणाला २०१५ नंतर अपडेटच मिळालेला नव्हता. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या नॅसवर डेडबोल्ट नावाच्या मालवेअरने फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना तातडीने काय करायला सांगितलं? राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग बंद करा आणि नॅसवरचं यूपीएनपी बंद करा. म्हणजे फायरवॉलला तिच्या जागी परत उभी करा. हे शहाणपण उपकरण विकतानाच दिलं असतं, तर कितीतरी घरांतले फोटो वाचले असते. गेलेले फोटो परत येत नाहीत, आणि ते माझे नसले तरी मला त्याचं वाईट वाटतं.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. लोकांनी घरून फाइली शेअर करूच नयेत, असं मी म्हणत नाही. उलट मला ते फार चांगलं वाटतं. स्वतःची डिस्क, स्वतःची जोडणी, मधे कोणाच्या क्लाउडचं मासिक भाडं नाही, कोणाच्या अटी नाहीत. दूर राहणाऱ्या भावाला लग्नाचे व्हिडिओ थेट घरच्या डिस्कवरून देता यावेत, हा माणसाचा हक्क आहे. म्हणून सुरक्षेचं कारण पुढे करून पोर्ट फॉरवर्डिंगच काढून टाकू नका, सेटिंगची पानं लपवू नका. जोडणी देणाऱ्या काही कंपन्या नेमकं हेच करतात: राउटर त्यांचा, पासवर्ड त्यांचा, आणि ग्राहकाला फक्त वायफायचं नाव बदलता येतं. त्यामुळे जे चुकून उघडलं गेलं, तेही ग्राहकाला बंद करता येत नाही.

चांगला मार्ग तयार आहे. वायरगार्ड ही बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन) काढणारी सोय. ती मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आली, आणि तुमचे बहुतेक राउटर लिनक्सवरच चालतात. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याच्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाळत फिरणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. फ्रिट्झबॉक्ससारख्या काही राउटरमध्ये ते आलंही आहे: फोनने एक क्यूआर कोड स्कॅन केला की फोन बाहेर असूनही घरच्या नेटवर्कचा भाग होतो. ‘बाहेरून माझ्या फाइली पाहायच्या आहेत’ असं कोणी म्हणालं, की राउटरने आधी हाच मार्ग पुढे करावा. थेट पोर्ट उघडणं त्यानंतर, ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी, आणि मुदत ठरवून. सात दिवस, तीस दिवस, हवं तर कायम. पण ते त्याने स्वतः निवडलेलं असावं. ‘डीएमझेड’ नावाच्या त्या एका टिकने तर एका संगणकाकडे अख्खं इंटरनेट वळवलं जातं. तिच्यापुढे आज बहुतेक ठिकाणी इशाऱ्याची एक ओळही नसते.

जोडणी देणाऱ्या कंपन्यांशी आता जरा वेगळं बोलायचं आहे. पत्ते वाचवण्यासाठी तुमच्यापैकी अनेकांनी कॅरियर ग्रेड नॅट बसवलं. एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं आली आणि त्या घरांना बाहेरून सहज गाठता येईनासं झालं. तो आडोसा योगायोगाने मिळालेला होता. आता तुम्ही आयपीव्ही६ देता, ते योग्यच आहे, पण त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा, बाहेरून गाठता येईल असा पत्ता मिळतो. नॅट राहत नाही. राहते ती फक्त फायरवॉल, जर चालू असेल तर. घरगुती राउटरने आयपीव्ही६ मध्ये न मागता आलेली जोडणी कशी हाताळावी, यावर जानेवारी २०११ मध्येच आरएफसी ६०९२ हा मार्गदर्शक दस्तऐवज लिहून झाला आहे. तरीही आयपीव्ही४ ची फायरवॉल चालू आणि आयपीव्ही६ ची बंद, असे राउटर मी पाहिले आहेत. वर हिरवा दिवा आणि ‘फायरवॉल: चालू’ ही ओळ, आणि खाली त्याच घरातला नॅस आयपीव्ही६ वरून उघडा. दोन्हींची स्थिती वेगवेगळी दाखवा, आणि दोन्ही चालूच ठेवून राउटर घरी पाठवा.

दूरस्थ व्यवस्थापनाचा पोर्टही तुमचाच. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली, ती ७५४७ या पोर्टवर झालेल्या हल्ल्यामुळे. कंपनीने राउटर सांभाळण्यासाठी ठेवलेली वाट साऱ्या इंटरनेटसाठी कशाला उघडी हवी? ती तुमच्या सर्व्हरपुरतीच ठेवा.

एक गोष्ट मात्र तुमच्याशिवाय कोणीच नीट करू शकणार नाही: बाहेरून तपासणी. घरचा माणूस स्वतः तपासायला जातो तेव्हा तो घरच्या वायफायवरच असतो. आतून सगळंच उघडतं. कधीकधी तर आपला सार्वजनिक पत्ता टाकला, की बाहेरून बंद असलेलं राउटरचं लॉगिन पानही आतून दिसतं, आणि माणूस उगाच घाबरतो. उलट, जे खरोखर उघडं आहे ते त्याला नेहमीचंच वाटतं. मी लोकांना सांगतो, की फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर जा आणि मग पाहा. पण हे किती जणांना सांगणार? राउटरच्या पानावर ‘बाहेरून काय दिसतं’ असं एक बटण द्या. ते दाबलं की तुमच्या सर्व्हरने बाहेरून, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींवर, तपासावं आणि माणसाला कळेल असं उत्तर द्यावं: ‘तुमच्या नॅसवरच्या फाइली इंटरनेटवरून उघडता येत आहेत. बंद करायच्या का?’ पोर्टचे आकडे ज्याला हवे त्याला खाली द्या.

घराच्या आतलं थोडक्यात. राउटरची फायरवॉल आतल्या उपकरणांच्या आपापसातल्या व्यवहारात सहसा पडत नाही. पाहुण्याचा फोन किंवा स्वस्तातला कॅमेरा त्याच नेटवर्कवर असेल, तर शेअर केलेला फोल्डर त्यालाही दिसतो. पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय पहिल्याच सेटअपमध्ये सुचवा. आणि डिस्क पासवर्डशिवाय शेअर होऊच देऊ नका, अगदी घरातल्या घरातही.

कायदे हळूहळू तुमच्यापर्यंत पोचत आहेत. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट सारख्या मूळ पासवर्डांना आळा घातला गेला. सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील, हे सांगणंही ब्रिटनने बंधनकारक केलं. युरोपीय महासंघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्यात उत्पादन मुळातच सुरक्षित सेटिंगसह विकण्याची अट आहे, आणि त्यातली मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. पण शेअरच्या टिकशेजारी ‘इंटरनेटवर कोणालाही’ हे दोन साधे शब्द लिहायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. नवी चिप लागत नाही, नवं उपकरण लागत नाही. फर्मवेअरच्या एका अपडेटमध्ये मावणारं हे काम आहे, आणि जोडणी देणाऱ्या कंपन्या तर आपल्या ताब्यातल्या राउटरवर तो अपडेट एका रात्रीत पोचवू शकतात.

तेव्हा कृपा करून जाहीर सांगा: आत्ता घरोघरी चालू असलेल्या तुमच्या कोणत्या मॉडेलमध्ये यूपीएनपी मूळचं चालू आहे, कोणत्यात आयपीव्ही६ ची फायरवॉल बंद आहे, कोणत्यात यूएसबी डिस्क पासवर्डशिवाय शेअर होते, आणि यातलं काय तुम्ही कोणत्या महिन्यापर्यंत बदलणार आहात. ज्या मॉडेलना आता अपडेट मिळणारच नाही, त्यांचीही यादी द्या, म्हणजे त्यांच्या मागे लावलेली डिस्क काढून ठेवायला मला लोकांना सांगता येईल.

कळावे,
तुमचा एक ग्राहक